ओवाळणीचा तारा

"साडी नाही, पाकीट नाही, चांदणी पाठवतो म्हणे. चांदणी काय नेसायची?"

आई हे कुणाला उद्देशून बोलत नव्हती. पाडव्याची सकाळ होती, दवाखाना बंद होता, आणि पेशंटच्या खुर्चीत आडवी होऊन ती हिरडीला टोचणाऱ्या कवळीची तक्रार संपवून पुढच्या तक्रारीकडे वळली होती. कवळी केतकीच्या हातात होती. कवळीशिवाय आई जे पुटपुटायची ते वीतभर अंतरावरच्या माणसालाच कळायचं, आणि दहिवडीत ते माणूस म्हणजे तिची थोरली लेक, दातांची डॉक्टर केतकी जगदाळे. केतकीनं लग्न केलं नव्हतं. त्यावर गावानं बोलायचं ते बोलून घेतलं होतं, आणि आता तेच गाव तिच्यापुढे मुकाट्यानं तोंड उघडून बसायचं.

चांदणी पाठवणारा तो धाकटा, यशोधन. तो 'गलबत' नावाच्या यानात होता, आणखी तिघांबरोबर. चैत्रात निघालेलं गलबत श्रावणात एका लघुग्रहापाशी पोचलं, भाद्रपदात इंजिन पेटवून माघारी वळलं, आणि पुढच्या आंब्याच्या दिवसांत घरी यायचं होतं. मोहीम केंद्राच्या पानावर तसं लिहिलेलं होतं. त्या पानावरचा गलबताचा ठिपका रोज थोडा थोडा पृथ्वीकडे सरकायचा. आई दूध तापायला ठेवून तो ठिपका बघायची आणि दूध उतू गेलं की ठिपक्याला बोल लावायची.

यशोधनचा आवाज आठवड्यातून एकदा यायचा. तो लेसरच्या किरणातून यायचा. किरण इतका बारीक की केंद्राच्या आरशाशिवाय तो कुणाला झेलताच येत नसे. केंद्रात एक-दोन दिवस ऐकून, तपासून तो घरी सोडला जायचा, एका काळ्या डबीत. डबी यशोधनच्या बायकोकडे, मृण्मयीकडे असायची, कारण नोंदलेली नातेवाईक ती. निरोप संपला की डबीवर हिरवा दिवा लागायचा, आणि तो लागला असेपर्यंत घरच्यांनी उत्तर बोलायचं. काय वाटेल ते बोला, फक्त मोहिमेच्या कामाचं विचारायचं नाही. तसं काही डबीच्या कानावर पडलं की दिवा जायचा. कोचीच्या एका गृहस्थांनी आपल्या मुलीला, यान खरंच कुठवर आलंय, असं सरळ विचारलं होतं. तेव्हापासून त्यांची डबी 'दुरुस्तीसाठी' बंद होती.

दिवाळीला मृण्मयी डबी घेऊन नागपूरहून आली होती. ती वकील. एरवी बोलायला लागली की समोरच्याला दमवणारी. या खेपेला मात्र ती चकल्याही मोजक्या खात होती आणि बोलतही मोजकंच होती. आईनं दर दोन तासांनी विचारावं की सगळं बरं चाललंय ना गं त्याचं, आणि मृण्मयीनं दर वेळी म्हणावं, "ठरल्याप्रमाणे, आई."

चांदणीची भानगड अशी होती. जाण्याआधी यशोधननं केतकीला सांगितलं होतं की भाऊबीजेला मी तुला एका ताऱ्याचा फोटो पाठवीन, तूही त्याच संध्याकाळी गच्चीवरच्या दुर्बिणीतून त्याच ताऱ्याचा काढ, आणि दोन्ही शेजारी ठेव. तुझ्या ओवाळणीत ताऱ्याचं अंतर.

हात लांब करून अंगठा धरावा, आधी एक डोळा मिटावा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवर उडी मारतो. तो जवळ असेल तर उडी मोठी, लांब असेल तर लहान. दोन डोळ्यांतलं अंतर ठाऊक असलं की उडी मोजून अंगठा किती लांब ते काढता येतं. ताऱ्यांचं असंच मोजतात, फक्त तारे इतके दूर की दोन डोळ्यांमध्ये कोट्यवधी किलोमीटर लागतात. म्हणून खगोलशास्त्रज्ञ एक फोटो काढून सहा महिने थांबतात. तोवर पृथ्वी सूर्याच्या पलीकडे जाते, मग दुसरा काढतात. यशोधनचं म्हणणं, आपण कशाला थांबायचं. एक डोळा दहिवडीत, दुसरा गलबतावर.

केतकीला हे समजावून सांगावं लागलं नव्हतं. हिरडीत अडकलेला सुळा ओठाच्या बाजूला आहे की टाळूच्या, हे एका एक्स-रेत कळत नाही. यंत्र जरा सरकवून दुसरा काढायचा आणि शेजारच्या दाताच्या मानानं सुळा कुठे सरकला ते बघायचं. ती इतकी वर्षं हेच करत आली होती, शाळकरी पोरांच्या तोंडात.

भाऊबीजेला केतकीनं गच्चीवर पाट मांडला. भाऊ समोर नसला की चंद्राला ओवाळायचं, ही घरची रीत. मावळतीला द्वितीयेची कोर होती, नखाएवढी. भाऊ चंद्राच्या कितीतरी पुढे गेलेला, पण ओवाळण्याजोगं त्यातल्या त्यात तेच जवळ होतं. मृण्मयी मागे उभी होती. निरांजन खाली ठेवून केतकी वळली तेव्हा ती कोरीकडे नाही, ओवाळणाऱ्या हाताकडे बघत होती, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. दाढ ठणकत असताना 'काही नाही डॉक्टर, सहज आलो' म्हणणारी माणसं अशी बसतात. केतकीच्या मनात ते आलं आणि तिनं ते बाजूला सारलं. सणाचा दिवस होता, नवरा दूर होता, कारण पुरेसं होतं.

मग तिनं दुर्बीण लावली. यशोधननं निवडलेला तारा होता बार्नार्डचा. आपल्या सूर्याच्या अगदी शेजारचा, सहा प्रकाशवर्षांवर, तरी नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. आकाशात उठून दिसणारे पुष्कळ तारे दूरचे आणि भपकेबाज असतात, आणि खरा शेजारी हा असा मिणमिणता. तिनं मावळायच्या आत त्याचे शेकडो झटपट फोटो घेतले आणि संगणकाला त्यांचा मिळून एक स्वच्छ फोटो करायला लावला. यशोधनचा फोटो दुपारीच आला होता, केंद्राचा शिक्का लागून. शिक्क्यावर लिहिलं होतं: सणाची भेट.

दुसऱ्या दिवशी दोन पेशंटांच्या मध्ये तिनं हिशेब केला. केंद्राच्या पानावर गलबत पृथ्वीपासून पंधरा कोटी किलोमीटरवर होतं. ते अंतर घालून, उडी मोजून, तारा आला चार प्रकाशवर्षांवर.

ती हसली. सहाचा चार म्हणजे नापासच. बहुधा दुसराच कुठला ठिपका धरला, किंवा फोटो उलटा लावला. नवशिक्या विद्यार्थ्यांकडून उजवी दाढ काढायची ती डावी निघते, तसं. तिनं पुन्हा मोजलं, पार्श्वभूमीचे दूरचे तारे बदलून बदलून मोजलं. चार.

आईनं विचारलं, झाला का तुझा तारा, तर केतकी म्हणाली, पुस्तकात सहा आहे आणि माझा चारच येतोय. आई म्हणाली की यशू लहानपणापासून तुला कमीच देत आलाय.

संध्याकाळी केतकीनं ठरवलं की आता ताऱ्यालाच तपासू. ताऱ्यांनाही जाती असतात, आणि त्या सांगितल्यानं निदान कुणाच्या भावना दुखावत नाहीत. दुर्बिणीपुढे रेघारेघांची काच बसवली की ताऱ्याचा प्रकाश पट्टीसारखा पसरतो, आणि त्या पट्टीत काळ्या खाचा दिसतात. कुठे खाचा, किती रुंद, यावरून तारा किती तापलेला, कुठल्या जातीचा ते कळतं. एका जातीचे तारे साधारण सारख्याच तेजाचे. दिव्याचा खरा उजेड माहीत असला आणि तो आपल्याला किती मंद दिसतोय हेही माहीत असलं, की दिवा किती लांब ते सांगता येतं. त्यासाठी उडी लागत नाही, दुसरा डोळा लागत नाही, भाऊ लागत नाही.

बार्नार्डची पट्टी लाल, खाचांनी भरलेली. थंड, छोटा, लाल तारा, जसा असायला हवा तसा. तेज पुस्तकातलं, मंदपणा पुस्तकातला. या वाटेनं अंतर आलं सहाच्या आसपास.

म्हणजे तारा जागच्या जागी होता.

केतकी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला टेकली. मग तिला पाडव्याची चांदणी आठवली, यशोधननं आईला पाठवलेल्या फोटोतली. हंस तारकापुंजातले दोन नारिंगी तारे, एकमेकांना धरून असलेले. तेही जवळचे, अंतर पुस्तकात असलेले. हंस डोक्यावरच होता. तिनं आपले फोटो काढले, त्याच्या फोटोशेजारी ठेवून मोजले. आईची जोडीसुद्धा जवळ आली होती, बरोबर त्याच प्रमाणात.

दोन वेगळ्या दिशांचे तारे एकाच दिवाळीत सारख्या हिशेबानं जवळ येत नाहीत. उडी मोठी यायला दोनच कारणं. अंगठा जवळ आला, किंवा डोळे एकमेकांपासून लांब गेले. केतकीनं गणित उलटं मांडलं. ताऱ्यांची अंतरं खरी धरली आणि गलबताचं शोधलं. बावीस कोटी किलोमीटरच्या वर. वळून घरी निघालेलं यान तिथं असू शकत नाही. न वळलेलं असू शकतं.

खाली आई दूरदर्शनवर कुणाची तरी सून कशी वागते ते बघत होती. केतकी जिना उतरली, तिच्या शेजारून गेली आणि दवाखान्यात जाऊन उगाचच हत्यारं उकळायला ठेवली.

दुसऱ्या दिवशी आई दुपारची झोपली तेव्हा केतकीनं मृण्मयीला दवाखान्यात बोलावलं. डबी माजघरात असल्याची खात्री केली. एक्स-रेच्या पडद्यावर तिनं दोन्ही फोटो आळीपाळीनं दाखवले. बाकीचे सगळे ठिपके जागच्या जागी आणि मधला एकच डावीकडे-उजवीकडे सरकतोय. हे पुस्तकात एवढं असतं आणि आलंय एवढं, असं तिनं बोटांनी दाखवलं. आकडे सांगितले. आपलं चुकलं असेल, असंही म्हणाली, आणि मृण्मयीनं 'हो ताई, चुकलंच असेल' म्हणावं म्हणून थांबली.

मृण्मयी पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "तुम्ही हे आईंना सांगणार?"

केतकीनं पडदा बंद केला. आता चुकीला जागा उरली नव्हती.

पुढचं मृण्मयीनं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, आणि तेही सरळ नव्हे. म्हणाली की मी एका कागदावर सही केलीय आणि सही म्हणजे काय ते मला रोज कोर्टात दिसतं. म्हणाली की लपवायचं केंद्राच्या मनात नव्हतं, यानातल्या चौघांनीच मागून घेतलं होतं, घरच्यांची दिवाळी होऊ द्या, मग सांगा. नोंदलेल्या नातेवाइकाला सांगणं कायद्यानं भाग, म्हणून फक्त तिला. घरात दुसऱ्या कुणाला कळलं की डबी बंद. नेमकं काय झालं, पुढे काय, हे ती बोललीच नाही आणि केतकीनं विचारलं नाही. दोघीही त्या एका वाक्याच्या कडेकडेनं चालत होत्या.

"आठवड्याला चार मिनिटं त्याचा आवाज येतो, ताई," मृण्मयी म्हणाली. "माझ्याकडे आता तेवढंच आहे. ते नका घालवू."

केतकीला राग आला होता. तो भाद्रपदापासून एकटीनं हे वागवणाऱ्या बाईवर काढता येईना, तेव्हा तिनं उकळून झालेली हत्यारं पुन्हा उकळायला ठेवली. मृण्मयीनं गॅस बंद केला.

एक गोष्ट मात्र केतकीच्या डोक्यातून जाईना. केंद्रातल्या माणसांनी यशोधनचे शब्द तपासले, आवाज तपासला, फोटोवर मात्र शिक्का मारून सोडून दिलं. दिवसभर तारेच मोजणारी माणसं, पण बहिणीला पाठवलेला तारा त्यांना भेटकार्ड वाटला. त्यांचं एक ठीक. यशोधनला काय वाटलं होतं? ठरलं होतं म्हणून त्यानं सवयीनं पाठवला, बहीण मोजेल हे विसरून? की मोजेल म्हणूनच पाठवला? पहिलं असेल तर तिनं गप्प बसायचं होतं. दुसरं असेल तर तो तिकडे उत्तराची वाट बघत होता, आणि गप्प बसणं म्हणजे त्याला दारात उभं ठेवणं.

रविवारी डबी वाजली. यशोधननं आईला यानातल्या मेथीची गोष्ट सांगितली, तीन पानं आली आणि चौघांनी वाटून खाल्ली. हिरवा दिवा लागला. आईनं कवळीची हकिगत सांगितली. मृण्मयीनं नागपूरच्या थंडीचं सांगितलं. मग केतकी पुढे सरकली, तशी मृण्मयीची बोटं पदराशी थांबली.

"यशू, ओवाळणी पोचली," केतकी म्हणाली. "माझ्या मापानं तारा चार प्रकाशवर्षांवर येतोय. आईची जोडीपण तशीच जवळ आलीय. माझं कुठे चुकलं तेवढं कळव."

दिवा हिरवाच राहिला. ताऱ्यांबद्दल बोलायला कुणाची ना नव्हती.

त्यानंतर मृण्मयी तिच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती एवढंच, की त्याला आता खोटं बोलावं लागेल, तुमच्यामुळे, आणि तुमच्याशी खोटं बोलायची त्याला सवय नाही. केतकी म्हणाली, तर मग नको बोलू दे. ते कसं शक्य आहे, असं मृण्मयीच्या चेहऱ्यावर होतं. तिनं नागपूरचं तिकीट पुढे ढकललं. आईला वाटलं, सुनेला दहिवडी मानवली. तिनं आपल्या हातचं पिठलं सुनेला दोनदा करून घातलं आणि जाऊ नको म्हणाली.

तो आठवडा केतकीनं लोकांचे दात बघण्यात काढला. एका पेशंटला तिनं, दुखतंय का, असं विचारलं, आणि तो मान हलवून नाही म्हणाला तेव्हा इतकी चिडली की तो बिचारा घाबरून हो म्हणाला.

रविवारी तिघी डबीभोवती बसल्या. आईनं चष्मा पुसून घातला होता, जसं काही डबीत दिसणार होतं.

यशोधनचा आवाज नेहमीसारखाच हसरा होता. त्यानं आईच्या कवळीची चौकशी केली, डॉक्टर बदल म्हणाला. मृण्मयीला थंडीत कानाला बांधायला सांगितलं. मग थोडा वेळ नुसता यानाचा घरघरणारा आवाज आला.

"ताई, तुझ्या मापाचं विचारलंस," तो म्हणाला. "मी इथून पडताळलं. पुन्हा मोजू नकोस. तुझं माप बरोबर आहे."

निरोप संपला. हिरवा दिवा लागला.

केतकीला वाटलं होतं की ती रडेल. ती नुसतीच डबीकडे बघत बसली. तारा त्यानं तिच्यासाठी पाठवला होता, मोजेल म्हणूनच पाठवला होता, आणि आता तो तिकडे त्यांच्या उत्तराची वाट बघत होता.

आईनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. म्हणाली, पुस्तकात सहा आहे असं तूच सांगितलंस ना. मग चार बरोबर कसं? आईनं परत विचारलं, या खेपेला केतकीला नाही, मृण्मयीला. मृण्मयी ओठ उघडून म्हणाली, "ठरल्या..." आणि तिथंच थांबली.

आईला दिव्याची घाई होती. उत्तर बोलायचं राहून जाईल म्हणून ती डबीवर वाकली. यशूला सांगू लागली की या साली मोहोर लवकर धरणार असं सगळे म्हणतात. तू यायच्या आधीच आंबा संपला तर मी काही पेट्या गवतात घालून ठेवीन, तुझ्या खोलीला रंग काढायचाय, कुठला काढू ते सांग, मृण्मयीला पिवळा नको म्हणे पण तिचं काय ऐकायचं. ती थांबायला तयार नव्हती. कुठला रंग, सांग की. उजेड येईल असा काढते.

केतकीनं तोंड उघडलं. पण डबी तिची नव्हती. आठवड्याची चार मिनिटं ज्या बाईची होती तिच्याकडे तिनं बघितलं. मृण्मयीनं आईच्या पाठीवर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं डबी स्वतःकडे ओढली.

"यश, गलबत वळलेलंच नाही," ती म्हणाली. "दोनदा प्रयत्न करूनही इंजिन पेटलं नाही, आणि तू परत येणार नाहीस. हे मी आईंच्या समोर बोलतेय. दिवा जाईपर्यंत बोलत राहणार आहे, तू ऐक."